मालिका आणि माळ

आमच्या हरिपाठाची वेळ आजवर दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा कारण टीव्हीवरची मालिका होते. विक्रोळी पूर्वेला कन्नमवारनगरात आम्ही पंचवीस-तीस माणसे संध्याकाळी जमतो. भगिनी जास्त, पुरुष कमी. सव्वासातचा हरिपाठ आधी साडेसहाला आला, मग मालिकेची वेळ हलल्यावर पुन्हा सातला गेला. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करण्यासारखे त्यात काही आहे असे मलाही वाटत नाही. मालिकांना नावे ठेवणे हा कीर्तनात हमखास हशा मिळवण्याचा मार्ग झाला आहे. हसणाऱ्यांतले निम्मे श्रोते घरी जाऊन तीच मालिका लावतात, हे बुवांनाही ठाऊक असते.

मला बोलायचे आहे ते एका प्रश्नाविषयी. हरिपाठ संपून प्रसाद वाटताना ऐंशीच्या घरातल्या एका माईंनी तो विचारला. 'आई कुठे काय करते' ही मालिका तेव्हा चालू होती. तीतली कांचन, म्हणजे अनिरुद्धची आई आणि अरुंधतीची सासू, काही दिवसांपूर्वी सुनेला पोटच्या मुलीसारखी जवळ घेत होती. आता ती पुन्हा मुलाची बाजू घेऊन सुनेला बोल लावत होती. माई म्हणाल्या, "बुवा, ह्या बाईला स्वतःचं मन हाय का न्हाई?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणसाला स्वतःचे मन असते म्हणजे नेमके काय असते? आज एक आणि उद्या दुसरे बोलणाऱ्याला मन आहे म्हणायचे की नाही? आणि जो माणूस खरोखर बदलला तो कसा ओळखायचा? सांप्रदायिक माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. माणूस बदलतो यावर विश्वास नसेल, तर गळ्यातल्या माळेला अर्थ उरत नाही.

आधी कांचनचे मन कुठे असते ते पाहू.

लांबत जाणाऱ्या मालिकेची रीत मूळची आपल्याकडची नाही. अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात घरकाम करणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर रोजच्या गोष्टी सुरू झाल्या. त्यांचा खर्च साबण बनवणाऱ्या कंपन्या करत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' असे थट्टेचे नाव पडले. साबणाचे संगीत नाटक! त्यांतली 'गायडिंग लाइट' 1937 साली रेडिओवर सुरू झाली, 1952 साली टीव्हीवर आली आणि 2009 साली संपली. 72 वर्षे एकच गोष्ट. विक्रोळीच्या माणसाला साबण नवा नाही, गोदरेजचा साबण इथेच पिरोजशानगरात बनत असे. साबणाची एक वडी झिजून गेली की दुसरी आणावी लागते, त्यातच धंदा आहे. गोष्टीचेही तसेच केले. ती संपता कामा नये, रोज थोडी झिजली पाहिजे आणि उद्याची वडी तयार पाहिजे.

आता आपल्याकडे मालिकेच्या सुरुवातीला नावे झरझर जातात ती एकदा थांबून वाचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वर्ष-दोन वर्षांत यांतलेही कुणी बदलतात. दर आठवड्याला किती लोकांनी पाहिले याचे आकडे येतात. आकडा घसरला की घरात भांडण हवे, आकडा चढला की तेच भांडण आणखी ताणायला हवे. कुणाला नवरा म्हणून लोकांनी पसंत केले तर तो चांगला होत जातो. कुणाच्या कपटाला आकडा मिळाला तर त्याला सुधारायची परवानगीच नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका 2016 पासून 2021 पर्यंत चालली. तीतल्या गुरुनाथने किती वेळा राधिकाची क्षमा मागितली आणि किती वेळा शब्द मोडला, याचा हिशेब ठेवणे कठीण आहे. तो दुष्ट होता म्हणून नव्हे. तो खरोखर सुधारला असता तर दुसऱ्या दिवशी दाखवायला काही उरले नसते.

तेव्हा माईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे आहे. कांचनला स्वतःचे मन नाही. तिचे मन पाच-सहा माणसांत वाटलेले आहे आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या-माझ्या हातातल्या रिमोटकडे आहे.

पण एवढ्यावर सुटका होत नाही. नट बदलणे हा भाग मी फारसा मनावर घेत नाही. शनायाचे काम आधी एकीने केले, मग दुसरीने, मग पुन्हा पहिलीने. संजनाचेही दोघींनी केले. आमच्या भगिनींना चार दिवस चुकल्यासारखे होते आणि पाचव्या दिवशी त्या नव्या चेहऱ्याला जुन्याच नावाने रागावतात. वस्त्र बदलले, आतला तोच, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले तत्त्व त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. उलट बाजूचे उदाहरण इंग्लंडात आहे. तिथली 'कॉरोनेशन स्ट्रीट' 9 डिसेंबर 1960 रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या भागात केन बार्लो नावाच्या विद्यार्थ्याचे काम विल्यम रोच या तरुणाने केले, आणि पुढे साठ वर्षांहून अधिक काळ त्यानेच ते केले. पात्र आणि नट एकत्रच म्हातारे झाले. तिथे चेहरा तोच राहिला. पण एवढ्या वर्षांत लिहिणारे हात किती बदलले असतील! चेहरा एक असणे आणि मन एक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

ई टीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' 2001 च्या अखेरीस सुरू झाली आणि 2013 च्या जानेवारीत संपली. तीन हजारांहून जास्त भाग. आपल्या भाषेत बारा वर्षांना एक तप म्हणतात, म्हणजे महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी आशाताई देशमुखांबरोबर जवळजवळ एक तप काढले. आमच्यातल्या एक भगिनी म्हणतात, पहिल्या वर्षाच्या आशाताई आणि शेवटच्या वर्षाच्या आशाताई समोरासमोर आणल्या तर त्या एकमेकींना ओळखणार नाहीत. मी त्यांना विचारले, "तुम्ही स्वतःला ओळखाल का? 2001 सालच्या तुम्ही आणि आजच्या तुम्ही?" त्या जरा थांबल्या. तेव्हा त्यांची सासू हयात होती. आता त्या स्वतः सासू आहेत. म्हणाल्या, "वळखीन. पर बोलनार न्हाई तिच्याशी."

हे उत्तर मला फार आवडले, कारण मालिकेतले पात्र असे उत्तर देऊच शकत नाही. आशाताईंना किंवा कांचनला कालची आपण आठवत नाही. आठवली तरी कथेला हवी तेवढीच आठवते. चंचलपणा हा मालिकेचा दोष नव्हे. चंचल आपण सगळेच आहोत. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे अवघड, ही तक्रार खुद्द अर्जुनाने सहाव्या अध्यायात केली आहे आणि देवाने ती खोटी ठरवली नाही. खऱ्या घरातल्या सासवाही आज सुनेच्या आणि उद्या मुलाच्या बाजूला असतात. पण खऱ्या सासूला काल बोललेले पोटात घेऊन आज त्याच सुनेच्या हातचा चहा घ्यावा लागतो. कप हातात घेताना दोघींनाही कालचे आठवत असते. ते अवघडलेपण म्हणजेच मन.

मालिका हा शब्द माला या शब्दापासून आला. मालिका म्हणजे लहान माळ. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा मला गंमत वाटली, कारण आपल्या गळ्यातही माळच असते. माळेत दोन वस्तू असतात, मणी आणि सूत. मणी मोजता येतात. सूत दिसत नाही, पण ते तुटले की मणी कितीही चांगले असोत, घरभर होतात. सातव्या अध्यायात भगवंत सांगतात की हे सगळे विश्व सुतात मणी ओवावे तसे माझ्यात ओवलेले आहे. माउली तो दृष्टान्त आणखी पुढे नेतात. मणी सोन्याचे आणि सूतही सोन्याचेच. म्हणजे आत आणि बाहेर द्रव्य एकच. मालिकेत भाग असतात तीन हजार, सूत मात्र कुणी धरलेले नसते. प्रत्येक मणी सुटा चकाकतो. आजच्या भागात रडू आले, उद्याच्या भागात संताप आला, दोन्ही खरे. पण आजच्या रडण्याचा उद्याच्या संतापाशी काही संबंध नाही.

यावर कुणी म्हणेल, संतचरित्रांत तरी दुसरे काय आहे? वाल्या कोळी एका क्षणात बदललाच ना! गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समजावे, तो लवकरच धर्मात्मा होतो. लवकरच! मग एका भागात सुधारलेल्या अनिरुद्धाने काय घोडे मारले?

हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर देताना मी वाल्याच्या कथेतले वारूळ दाखवीन. बायको-मुलांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला तो क्षण एकच होता. पण त्यानंतर अंगावर मुंग्यांनी वारूळ उभारेपर्यंत तो माणूस बसून राहिला. मुंगी एका वेळी मातीचा एक कण आणते. कथा सांगणाऱ्याने तो काळ एका वाक्यात उरकला, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडत नव्हते. पण वारूळ कथेतून काढले नाही. उलट त्या माणसाचे पुढचे नावच वारुळावरून पडले. वल्मीक म्हणजे वारूळ, त्यावरून वाल्मीकी. गीतेतले 'लवकरच' असेच वाचावे लागते. त्याच्या आधीच्याच श्लोकात भगवंत कारणही देतात, की त्याचा निश्चय नीट झालेला आहे. म्हणजे तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहून त्याला साधू म्हटले. पंढरीकडे तोंड करून आळंदीतून निघालेला पहिल्या मुक्कामातही वारकरीच असतो, वाखरी अजून लांब असली तरी.

आपल्या परंपरेत बदललेल्या माणसांची जी चरित्रे आहेत त्यांत मला दोन सतत आठवतात. पहिले रामेश्वरभट्टांचे. वाघोलीचे हे विद्वान ब्राह्मण. शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा हे त्यांना सहन झाले नाही आणि त्यांच्या सांगण्यावरून तुकोबारायांना आपल्या वह्या इंद्रायणीत सोडाव्या लागल्या. तेरा दिवस तुकोबा नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसले. वह्या तरल्या. पुढे रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह होऊ लागला, ते आळंदीला जाऊन बसले आणि शेवटी तुकोबांनाच शरण आले. तुकोबांनी त्यांना जो अभंग पाठवला त्याचा भाव असा, की चित्त शुद्ध असेल तर वैरीसुद्धा मित्र होतात. तो वाचून दाह शमला, असे महिपतीबुवा सांगतात.

इथपर्यंत मालिकेतही होईल. खलनायक आजारी पडतो, पश्चात्ताप करतो, पाया पडतो. पुढे जे झाले ते मात्र मालिकेत होत नाही. आपण कीर्तनाच्या शेवटी तुकोबांची जी आरती म्हणतो ती याच रामेश्वरभट्टांची आहे. शेवटच्या कडव्यात ते आपले नाव घालून तुकोबांच्या चरणी मस्तक ठेवतात. म्हणजे ज्याने गाथा बुडवायला लावली त्याच्याच शब्दांत गाथाकाराला आपण रोज ओवाळतो. आणि गाथा बुडवल्याची गोष्टही आपण विसरलेलो नाही. तीही दर वर्षी बीजेच्या आसपास सांगतो. एकाच माणसाच्या दोन गोष्टी. एकीने दुसरी पुसली जात नाही. आरती म्हणताना आपण नाक मुरडत नाही, आणि आरती लिहिली म्हणून बुडवण्याचे पाप झालेच नव्हते असेही म्हणत नाही.

दुसरे चरित्र विसोबांचे. आळंदीत त्या चार पोरक्या भावंडांना छळणाऱ्यांत विसोबा चाटी पुढे होते. मुक्ताई मांडे भाजायला खापर आणायला कुंभारवाड्यात गेली तेव्हा तिला ते मिळू नये अशी तजवीज यांनीच केली. मुक्ताई रडत घरी आली. ज्ञानोबांनी जठराग्नी चेतवून पाठ तापवली आणि त्या पाठीवर मांडे भाजले. विसोबा हे चोरून पाहत होते. कुणी त्यांना उपदेश केला नाही, शिक्षा केली नाही. जे पाहिले त्याने ते विरघळले आणि भावंडांच्या ताटातले उष्टे उचलायला धावले. तेव्हा 'खेचरा, दूर हो' असे त्यांना म्हटले गेले, आणि तेच पुढे त्यांचे नाव झाले असे आख्यानात सांगतात. खेचर म्हणजे खेचर हे जनावर. शिवीच ती. दुसरा कुणी असता तर बदलल्यावर आधी नाव बदलून घेतले असते. यांनी ते जन्मभर वागवले.

आणि पुढे काय झाले? गोरोबाकाकांनी थापटी मारून नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. ते पक्के करायला देवाने नामदेवांना औंढ्या नागनाथाला पाठवले ते याच विसोबांकडे. एका मुलीला मातीचे खापर मिळू न देणारा माणूस, आणि त्याच्याच हातून नामदेवांचे मडके भाजून निघाले. मी हे कीर्तनात सांगतो तेव्हा म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावतात. मालिका पाहून त्यांचे डोळे कसलेले आहेत, म्हणून असली सांधेजोड त्यांना तरुणांच्या आधी दिसते. हा मालिकांचा उपकारच म्हणायचा.

एक गोष्ट मात्र आम्ही कीर्तनकारांनीही कबूल केली पाहिजे. पात्रांना एका साच्यात अडकवण्याचे काम टीव्हीने सुरू केले नाही. तुकोबांची जिजाई, जिला आपण आवली म्हणतो, तिला किती वर्षे आपण कजाग बाई म्हणून रंगवले! दुष्काळानंतरचे घर, लहान मुले, नवरा भंडाऱ्यावर, आणि भाकरी घेऊन डोंगर चढणारी ही बाई. तिच्या तोंडाला हशा मिळतो म्हणून आपण तिला पुढे सरकूच दिले नाही. आकडे मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते, पण श्रोत्यांचा हशा होताच.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे सगळे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. नाव-गाव सांगत नाही, कुणी शोधूही नये. आमच्याच ओळखीतला एक माणूस. लहान कारखान्यात नोकरी. दारूने घर धुतले गेलेले. कार्तिकीला आळंदीत त्याने माळ घातली आणि सोडली. दोन वर्षांहून थोडा जास्त काळ तो हरिपाठाला येत होता. मागे बसायचा, टाळ वाजवायचा, फार बोलायचा नाही. मग एका रात्री, भावाच्या घरच्या कार्यात, तो प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गळ्यातली माळ स्वतःच उतरवली, देव्हाऱ्यात ठेवली आणि यायचे बंद केले.

जिन्यावर, नळावर, भाजीच्या गाडीपाशी एकच वाक्य फिरत होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एक तरुण मुलगी म्हणाली, "ट्विस्ट येणार हे मला माहीतच होतं." ती वाईट मुलगी नव्हे. तिने लहानपणापासून संध्याकाळी हेच पाहिले आहे. कुणी चांगला वागू लागला की समजावे, हा आता फसवणार. चांगुलपणा म्हणजे पुढच्या धक्क्याची तयारी. मालिकेने आपल्याला लावलेली ही सवय मला तिच्यातल्या भांडणांपेक्षा आणि दागिन्यांपेक्षा जास्त घातक वाटते. दुसरी सवय तिच्या उलट. अनिरुद्ध एका प्रसंगात रडला की त्याला क्षमा करायला आपण तयार होतो, कारण ते रडणे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते, मागे संगीत असते, चेहरा जवळून दिसतो. या माणसाचे आपण काय पाहिले? एक प्यायलेली रात्र पाहिली. ज्या सातशे-साडेसातशे संध्याकाळी तो प्यायला नाही, त्या कुणी पाहिल्या? त्या संध्याकाळी काहीच घडले नाही. कामावरून सुटला, हरिपाठाला बसला, घरी जाऊन जेवला. याचा भाग होत नाही. नेमाची अडचण हीच आहे की तो दाखवता येत नाही. कालचाच हरिपाठ आज, आजचाच उद्या. तुकोबारायांनी मनाशी रात्रंदिवस चाललेल्या लढाईविषयी सांगितले आहे, पण ती लढाई शेजारच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जात नाही.

मंडळात वाद झाला. त्याला पुन्हा माळ घालू द्यावी का? आणि श्रावणातल्या सप्ताहात विण्याच्या पहाऱ्याला त्याचे नाव लावावे का? एका जुन्या माळकऱ्यांचे म्हणणे असे, की माळ हा खेळ नाही. मोडला नेम की पुन्हा घाला, मोडला की पुन्हा घाला, असे झाले तर लोक माळेला हसतील. त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. ढोंग्यांवर तुकोबांनी जेवढे कोरडे ओढले तेवढे क्वचित कुणी ओढले असतील. बदलल्याचे सोंग ही गोष्ट संतांना चांगली ठाऊक होती. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, माउलींनी पसायदानात दुष्ट माणसे नाहीशी होवोत असे मागितले नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावो असे मागितले. आणि आपण माणसालाच घालवायला निघालो.

मला दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटली. त्याने माळ स्वतः उतरवली होती. कुणी पाहिले नव्हते, कुणी विचारले नव्हते. गळ्यात ठेवून तो दुसऱ्या दिवशी हरिपाठाला येऊन बसला असता तरी आम्हाला कळले नसते. सोंग करणाऱ्याला माळ उतरवायची गरज नसते. कालचे पोटात घेऊनच तो आज उभा राहिला. माईंनी कांचनविषयी जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर याच्या बाबतीत स्पष्ट आहे. या माणसाला मन आहे. ते पुन्हा घसरेल की नाही हे मी सांगू शकत नाही आणि कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

पण त्याच्या घरी जाऊन बोललो तेव्हा त्याच्या मालकिणीने मला जे ऐकवले तेही इथे लिहिले पाहिजे. त्या म्हणाल्या, "बुवा, माळ घाला न्हाईतर नका घालू, ते तुमचं तुम्ही ठरवा. म्या पगार घरी येतो का ते बघनार." आणि थोड्या वेळाने, "तुमी म्हनता म्हनून म्या इसरनार न्हाई." मी म्हणालो, विसरा असे मी म्हणणारच नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा असतो. मंडळाने तिच्या वतीने उदार होणे हा तिच्यावर दुसरा अन्याय झाला असता. मालिकेत घरातली सगळी मिळून सुनेला म्हणतात, झाले गेले विसरून जा. त्या 'विसरून जा' मध्येच खोट आहे. रामेश्वरभट्टांचे विसरले गेले नाही, विसोबांचेही नाही. त्यांना जागा मिळाली ती आठवणीसकट.

शेवटी असे ठरले, की माळ पुढच्या कार्तिकीला, आळंदीतच, त्याची इच्छा असेल तर. तोपर्यंत त्याने हरिपाठाला यावे, टाळ घ्यावा. मंडळाच्या पेटीच्या किल्लीचा विषय एकाने काढला, तेव्हा ती आहे तिथेच राहू दे असे मीच म्हणालो. विण्याच्या पहाऱ्याविषयी एकमत झाले नाही. जुने माळकरी म्हणाले, वीणा माळकऱ्याच्याच खांद्यावर हवा, आणि ते नियमाला धरूनच बोलत होते. मग त्यांनीच तोड काढली. रात्री दोन ते चारचा पहारा त्यांचा स्वतःचा होता. वय झाले आहे, त्या वेळी झोप अनावर होते. ते म्हणाले, वीणा माझ्या गळ्यात राहील, हा माझ्यासमोर उभा राहून टाळ धरील आणि मला जागे ठेवील.

सप्ताहाच्या पहिल्या रात्री पावणेदोनला तो खाली येऊन उभा होता. आमची जुनी इमारत पाडून आता उंच टॉवर झाला आहे, त्याच्या वाहनतळातच मंडप घातला होता. सगळ्या खिडक्या बंद, टीव्ही बंद. पहाऱ्याला ते दोघेच. मी तिसरा, घोंगडीवर पडलेला. दोन तास 'रामकृष्णहरी' चालले. मध्ये एकदा म्हातारबुवांची मान कलली, तेव्हा त्याने टाळ जरा जोरात वाजवला.